आकाशाची वर्गणी

वर्गणी हा शब्द आपल्या घरांतून अगदीं परिचयाचा आहे. गणेशोत्सवाची वर्गणी असते, वाचनालयाची असते, आणि ज्या मासिकाचीं पानें आपण या क्षणीं उलटीत आहां त्याचीहि असतेच. या सर्व वर्गण्यांत एक गोष्ट समान आहे. ज्यानें वर्गणी दिली त्याच्या हातीं कांहीं तरी वस्तु पडते, अथवा एखाद्या स्थळाचें दार त्यास उघडें होतें. वर्गणी थकलेल्या सभासदास ग्रंथपाल पुस्तक देत नाहीं. पुस्तक कपाटांत असतें, कपाटास कुलूप असतें, आणि किल्ली ग्रंथपालाजवळ असते. येथवर व्यवहार सरळ आहे. परंतु जी वस्तु कोणाच्या कपाटांत नाहीं, जी दिवसरात्र आपल्या माळवदावरून, अंगणांतून, किंबहुना आपल्या शरीरांतूनहि जात असते, तिची वर्गणी कशी घ्यावी आणि कोणत्या न्यायानें घ्यावी, हा प्रश्न निराळा आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी हीच ती वस्तु होय.

आपल्या न्याय-वैशेषिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला, आणि आकाश हें एक व विभु, म्हणजे सर्वत्र व्यापून राहिलेलें, असें सांगितलें. आधुनिक पदार्थविज्ञानाशीं त्या सिद्धान्ताचा मेळ घालण्याचा खटाटोप मी करणार नाहीं. तसल्या लेखांचा मला कंटाळा आहे. पण जें सर्वत्र आहे त्यास कुंपण घालणें कठीण, एवढी गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. उंबऱ्यावर दिवा ठेविला म्हणजे तो घरांतहि उजेड देतो आणि रस्त्यावरहि. यालाच देहलीदीपन्याय म्हणतात. रस्त्यावरच्या वाटसरूनें तेलाचे पैसे दिले नाहींत म्हणून त्याच्यापुरता उजेड आंवरून घेतां येत नाहीं. मनोऱ्यावरून प्रक्षेपित होणारें चित्र असेंच उंबऱ्यावरच्या दिव्यासारखें होतें. त्या दिव्याला झांकण घालण्याची युक्ति गेल्या पाऊणशें वर्षांत निघाली. तिचाच विचार आज करावयाचा आहे.

आकाशांतून येणाऱ्या कार्यक्रमाबद्दल पैसे देणें आपल्या लोकांस अगदींच नवें नाहीं. आमच्या लहानपणीं रेडिओ घरीं आणिला म्हणजे पोस्टांत जाऊन त्याचें लायसन काढावें लागे, आणि पुढें दूरचित्रवाणीचा संच आला तेव्हां त्याचेंहि काढावें लागे. १९८० ते १९८५ च्या दरम्यान ही पद्धति संपली. परंतु त्या लायसनमध्यें आणि आजच्या वर्गणींत मोठा भेद आहे. लायसन न काढणारा कायद्याचा अपराधी ठरे. त्याच्या रेडिओचा आवाज मात्र बंद पडत नसे. दिवा सर्वांसाठीं जळत होता, आणि ज्यानें त्याच्यापाशीं बसून पोथी वाचली त्यानें तेलाचे पैसे द्यावे एवढीच अपेक्षा होती.

मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढल्याच वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें त्याचें चित्र पुण्यास दिसूं लागलें. मराठवाड्यास पुष्कळ वाट पहावी लागली. गंमत अशी कीं, आपल्या उमरगा तालुक्याच्या शिवेला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यांतील कित्येक खेड्यांत १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर दूरचित्रवाणी दिसत होती. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरण्यास घेऊन आपल्या शास्त्रज्ञांनीं सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत हा प्रयोग केला. कर्नाटकांतील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यांत होते. महाराष्ट्र त्यांत नव्हता, अर्थात् तेव्हांचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव जिल्हाहि नव्हता. गांवांतल्या सार्वजनिक जागीं संच मांडलेला असे, आणि ज्यानें यावें त्यानें पहावें. ३१ जुलै १९७६ रोजीं प्रयोगाची मुदत संपली आणि तो उजेडहि संपला. उजेड कोठवर पोंचावा हें निसर्ग ठरवीत नसून माणसें ठरवितात, हा धडा आपल्या सीमेवरच्या गांवांस तेव्हांच मिळाला.

मनोऱ्यावरून निघालेलें चित्र किती दूर जातें याचा हिशेब शाळेंतला मुलगाहि करूं शकेल. या लहरी बहुतांशीं आपल्या दृष्टीसारख्या सरळ जातात, आणि पृथ्वी वाटोळी असल्यामुळें कांहीं अंतरावर त्या आपल्या डोक्यावरून निघून जातात. मनोऱ्याच्या उंचीचे जितके मीटर, त्यांचें वर्गमूळ काढून त्यास सुमारें चारांनीं गुणावें, म्हणजे किलोमीटरांत पल्ला निघतो. १०० मीटरांच्या मनोऱ्याचा पल्ला असा ४० किलोमीटर होतो. आपल्या घरावर १० मीटर उंच काठी उभारली तर आणखी १२-१३ किलोमीटरांची भर पडते. मध्यें बालाघाटाची एखादी रांग आडवी आली तर तेवढेंहि पदरीं पडत नाहीं. म्हणूनच माळवदावर चढून अँटेना फिरविणारा मुलगा, आणि “दिसलं, दिसलं! थांब, पुन्हां मुंग्या आल्या!” असें खालून ओरडणारीं घरचीं माणसें, हें दृश्य त्या काळीं घरोघर दिसे.

आतां झांकणाची युक्ति पाहूं. जुन्या पद्धतींत चित्राची प्रत्येक छटा लहरीच्या चढउतारांत जशीच्या तशी उतरविली जाई, आणि एका कार्यक्रमास लहरींचा एक सबंध पट्टा लागे. अंकीय पद्धतींत प्रथम चित्राचे आंकडे करितात, आणि जें बदललें नाहीं तें पुन्हां पाठवीत नाहींत. कीर्तनकाराच्या मागची भिंत एका सेकंदांत पंचवीस वेळां पाठविण्याचें कारण काय? ती एकदां पाठविली, आणि पुढें कीर्तनकाराचे हात व चिपळ्या कोठें हालल्या एवढेंच कळविलें, म्हणजे काम भागतें. या काटकसरीमुळें ज्या पट्ट्यांतून एक कार्यक्रम जाई त्याच पट्ट्यांतून पांच, दहा किंवा त्याहूनहि अधिक कार्यक्रम जाऊं लागले.

आणि चित्राचे एकदां आंकडे झाले म्हणजे ते उलटसुलट करणेंहि सोपें झालें. आपल्या घरांतील मुलें मोठ्यांना कळूं नये म्हणून ‘च’ची भाषा बोलतात; खूण ठाऊक असलेल्यास ती कळते, इतरांस तो नुसता गलबला वाटतो. येथेंहि तोच प्रकार आहे. फरक इतकाच कीं, येथील खूण दर कांहीं सेकंदांनीं बदलते. ती नवी खूण लहरींतूनच, पण जणूं बंद पाकिटांतून, येते. आणि तें पाकीट फोडण्याचा अधिकार ज्या सेट-टॉप बॉक्सला दिलेला असेल त्यालाच चित्र दिसतें. वर्गणी थकली कीं दूरच्या कार्यालयांतून त्या बॉक्सचा अधिकार काढून घेतात. कोणी दारीं येत नाहीं, कोणी तार कापीत नाहीं. पडदा मात्र कोरा होतो. लहर पूर्वीप्रमाणेंच अंगणांत येत असते; तिचा अर्थ आपणांस लागत नाहीं, एवढेंच.

या युक्तीचा बाजार प्रथम अमेरिकेंत मांडला गेला. १९५१ सालीं शिकागो शहरांत झेनिथ कंपनीनें ‘फोनव्हिजन’ नांवाचा प्रयोग ३०० कुटुंबांत केला. मनोऱ्यावरून चित्र मुद्दाम विस्कटून पाठवावयाचें, आणि पैसे भरण्यास जो कबूल असेल त्यास तें सरळ करण्याची खूण टेलिफोनच्या तारेवरून द्यावयाची, अशी ती योजना होती. पुढें १९७७ पासून लॉस एंजेलिस येथें ‘ऑन टीव्ही’ नांवाच्या मंडळीनें विस्कटलेल्या चित्राची एक वर्गणी-वाहिनी चालविली. तिला आरंभीं गिऱ्हाइकें पुष्कळ मिळालीं. पण केबलची तार घरोघर गेली, त्या तारेवरून अनेक वाहिन्या येऊं लागल्या, आणि एका वाहिनीसाठीं निराळे पैसे देण्यास लोक तयार होईनात. १९८५ मध्यें तो व्यवहार संपला.

अंकीय पद्धति आल्यावर त्या कल्पनेनें पुन्हां डोकें वर काढिलें. एका पट्ट्यांतून अनेक कार्यक्रम जाऊं लागल्यामुळें अमेरिकेंतील केंद्रांजवळ जागा शिल्लक राहूं लागली होती. ती शिल्लक जागा भाड्यानें घेऊन ‘यूएसडीटीव्ही’ नांवाच्या कंपनीनें सॉल्ट लेक सिटी येथें दुकान उघडलें. केबलवर दिसणाऱ्या डझनभर निवडक वाहिन्या साध्या अँटेनावर, महिना सुमारें २० डॉलरांत ती देत असे. केबलच्या बिलाला कंटाळलेल्या कुटुंबांस हा सौदा आवडावा अशी अपेक्षा होती. परंतु गिऱ्हाइकें कांहीं हजारांपलीकडे गेलीं नाहींत. २००६ मध्यें कंपनीनें दिवाळें काढिलें आणि मार्च २००७ मध्यें ती बंद पडली.

कंपनी बुडाली ही गोष्ट फार महत्त्वाची नाहीं. कंपन्या बुडतच असतात. ज्या नियमाखालीं तिनें धंदा केला तो नियम मात्र पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानें केंद्रांस अंकीय लहरींची जागा मिळाली, तेव्हां शिल्लक जागेंत वर्गणीचा धंदा करण्याची मोकळीक देण्यांत आली. पण निदान एक कार्यक्रम सर्वांस विनामूल्य दिलाच पाहिजे, ही अट कायम राहिली. १९९८ मध्यें आणखी असें ठरलें कीं, त्या वर्गणीच्या उत्पन्नांतील शेंकडा ५ हिस्सा सरकारी खजिन्यांत भरावा. म्हणजे कुलूप लावण्यास मनाई नव्हती. पण घर बांधण्याची जमीन सर्वांची आहे हें विसरूं नये, ओसरी उघडी ठेवावी, आणि आंतल्या खोल्यांच्या भाड्यांतून गांवाचा वांटा द्यावा, असा तो करार होता.

इंग्लंडांतील कथा याहून बोधप्रद आहे. तेथें १५ नोव्हेंबर १९९८ रोजीं ‘ऑनडिजिटल’ नांवाच्या कंपनीनें मनोऱ्यांवरून वर्गणीच्या वाहिन्या देण्यास आरंभ केला. पुढें तिचें नांव ‘आयटीव्ही डिजिटल’ झालें. फुटबॉल लीगचे सामने दाखविण्याच्या हक्कासाठीं तिनें तीन वर्षांचे ३१ कोटि ५० लक्ष पौंड कबूल केले. पण मनोऱ्यांची शक्ति अपुरी पडून कित्येक घरीं चित्र मध्येंच गोठे. बनावट कार्डांचा सुळसुळाट झाला. उपग्रहावरून येणारी प्रतिस्पर्धी कंपनी अधिक वाहिन्या देई. मार्च २००२ मध्यें कंपनीनें हात टेकले, आणि ठरलेले पैसे बुडाल्यामुळें लहान लहान फुटबॉल मंडळें अडचणींत आलीं. यानंतर जें झालें तें लक्षांत ठेवावें. त्याच मनोऱ्यांवरून, त्याच लहरींवर, ३० ऑक्टोबर २००२ रोजीं बीबीसी आणि तिच्या सहकाऱ्यांनीं ‘फ्रीव्ह्यू’ नांवाची योजना सुरू केली. बॉक्स एकदां विकत घ्यावा. पुढें महिन्याची वर्गणी नाहीं. ही योजना थोड्याच वर्षांत तेथें घरोघर पोंचली. अर्थात् बीबीसीच्या खर्चासाठीं तेथील कुटुंबांना वार्षिक परवाना आजहि काढावा लागतो; म्हणजे आपण सोडून दिलेलें पोस्टांतलें लायसन तेथें अद्याप जिवंत आहे.

यावरून आकाशांतील वर्गणी सर्वत्र बुडते असा सिद्धान्त मात्र काढूं नये. आफ्रिकेंतील कित्येक देशांत ‘गोटीव्ही’ व ‘स्टारटाइम्स’ या कंपन्यांनीं मनोऱ्यांवरून अल्प दराच्या वर्गणी-वाहिन्या देऊन धंदा वाढविला. जेथें केबलची तार पोंचली नाहीं तेथें ही सोय खरोखर सोय ठरली. तात्पर्य, व्यापार कोठें चालेल आणि कोठें नाहीं हें त्या त्या ठिकाणच्या बाजारावर अवलंबून आहे. आपणांस विचार करावयाचा आहे तो हक्काचा.

आपल्या देशांत या हक्काचा निर्णय एका क्रिकेटच्या स्पर्धेवरून झाला. १९९३ च्या हीरो चषकाच्या सामन्यांचें प्रक्षेपण कोणीं करावें यावरून सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यांत वाद होऊन तो सर्वोच्च न्यायालयांत गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं न्यायालयानें निकाल दिला. त्यांतील मुख्य निकालपत्र न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांचें आहे. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा उपयोग लोकहिताच्या दृष्टीनें व्हावा, आणि त्यांवर सरकारचा अगर कोणा धनिकाचा मक्ता असूं नये, हें त्या निकालाचें सार आहे. विहीर, पाणवठा, गायरान यांच्याविषयीं जो विचार आपल्या गांवांतून चालत आला, तोच विचार न्यायालयानें आकाशास लाविला असें म्हटलें तरी चालेल. विहिरीवर हक्क कोणाचा यावरून आपल्या समाजानें किती अन्याय केला हेंहि येथें स्मरावें, म्हणजे ‘सार्वजनिक’ या शब्दाचें मोल कळेल.

पुढें २००७ मध्यें असा कायदा झाला कीं, राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले खेळांचे सामने ज्या खाजगी वाहिनीनें विकत घेतले असतील, तिनें ते प्रसार भारतीस दिले पाहिजेत, आणि दूरदर्शननें ते आपल्या मनोऱ्यांवरून व आपल्या उपग्रह-सेवेवरून लोकांस दाखवावे. २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याची मर्यादा स्पष्ट केली. दूरदर्शनकडे असे आलेले सामने त्याच्या स्वतःच्या मनोऱ्यांवर आणि स्वतःच्या विनामूल्य उपग्रह-सेवेवरच दिसावे. केबलवाल्यानें अगर खाजगी छत्रीवाल्यानें ते दूरदर्शनच्या वाहिनीमार्फत आपल्या गिऱ्हाइकांस देऊं नयेत. त्यामुळें भारताचा सामना चालू असतांना शेजारच्या घरीं विनामूल्य छत्रीवर तो दिसतो, आणि केबलचे पैसे भरणाऱ्या आपल्या घरीं दूरदर्शनवर दुसराच कार्यक्रम लागतो, असा प्रसंग आला तर त्यांत आश्चर्य मानूं नये. त्याचें मूळ या निकालांत आहे.

मनोऱ्यांवरून वर्गणीच्या वाहिन्या देण्याचा मार्ग आपल्या देशांत अद्याप कोणास मिळालेला नाहीं, कारण जमिनीवरील मनोऱ्यांवरून दूरचित्रवाणी दाखविण्याचें काम येथें दूरदर्शनसाठींच राखलेलें आहे. दूरदर्शननें फेब्रुवारी २०१६ मध्यें १६ शहरीं अंकीय प्रक्षेपण सुरू झाल्याचें जाहीर केलें. त्यांत महाराष्ट्रांतील मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हीं दोन होतीं. मघांच्या वर्गमुळाच्या हिशेबानें पाहिलें तर औरंगाबादची लहर धाराशिवास पोंचण्याचा संभव नाहीं. तें अंतर दोनशें किलोमीटरांच्या घरांत आहे. जानेवारी २०१७ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, खाजगी मंडळींसहि या क्षेत्रांत येऊं द्यावें अशी शिफारस केली. पण तसे खाजगी मनोरे उभे राहिले नाहींत. उलट जुन्या पद्धतीचे मनोरेच बंद होत गेले. मोक्याचीं सुमारें ५० ठिकाणें वगळून देशांतील बाकीचे मनोरे मार्च २०२२ अखेर थांबविण्याचें प्रसार भारतीनें ठरविलें. माळवदावरच्या जुन्या अँटेनास आतां कावळे बसण्यापलीकडे काम उरलेलें नाहीं.

मग आपल्या जिल्ह्यांतील घरांनीं आज काय करावें? मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला केबलवाल्याच्या तारेचा, दुसरा खाजगी कंपनीच्या छत्रीचा, आणि तिसरा दूरदर्शनच्या विनामूल्य छत्रीचा. पहिल्या दोहोंस महिन्याची वर्गणी आहे, तिसऱ्यास नाहीं.

वर्गणीच्या हिशेबांत एक बारीक गोष्ट आहे, तिकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे दर लागूं झाले. त्यांत पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीचें भाडें महिना अधिकांत अधिक १३० रुपये ठरलें. त्यावर शेंकडा १८ कर धरला म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि वर्षाचे १८४० रुपये ८० पैसे होतात. हें झालें नुसतें जोडणीचें भाडें. पैशाच्या वाहिन्यांचा दर त्याहून निराळा. ज्या वाहिन्या मुळांत विनामूल्य आहेत त्याहि या शंभरांत मोजल्या जात. म्हणजे सह्याद्रि वाहिनी स्वतः आपल्याकडून पैसा मागत नाहीं. पण ती तारेवरून अगर खाजगी छत्रीवरून आली कीं तिच्या वाहतुकीचें भाडें आपणांस द्यावें लागतें. मार्च २०२० पासून तेवढ्याच भाड्यांत २०० वाहिन्या देण्याचें ठरलें, आणि जुलै २०२४ मध्यें भाड्याची कमाल मर्यादाच काढून टाकून तें ठरविणें कंपन्यांवर सोंपविण्यांत आलें.

दूरदर्शनची विनामूल्य छत्री डिसेंबर २००४ मध्यें ३३ वाहिन्यांनिशीं सुरू झाली. आज तिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. सुमारें ३६ हजार किलोमीटर उंचीवरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून तिच्या लहरी येतात. धाराशिवांतून पाहतां तो उपग्रह बरोबर आग्नेय दिशेस आहे. म्हणून छत्रीचें तोंड आग्नेयेकडे करावें, आणि त्या बाजूस चिंचेचें अगर कडुलिंबाचें झाड आड येत नाहीं ना हें आधीं पहावें. छत्री व बॉक्स मिळून एकदांच सुमारें दोन हजार रुपये लागतात. म्हणजे वर लिहिलेल्या वर्षभराच्या भाड्याहून फारसे अधिक नाहींत.

तथापि ‘विनामूल्य’ या शब्दानें भुलून जाऊं नये. या छत्रीवर जागा मिळविण्यासाठीं खाजगी वाहिन्या लिलावांत बोली लावून दूरदर्शनला पैसे देतात, आणि तो पैसा जाहिरातींतून, म्हणजे अखेर आपण घेतों त्या साबणाच्या व चहाच्या किंमतींतून, वसूल होतो. शिवाय ज्या वाहिनीस येथें राहणें परवडत नाहीं ती निघून जाते. २०१९ च्या मार्चमध्यें मोठमोठ्या कंपन्यांनीं स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या लोकप्रिय वाहिन्या एकदम काढून घेतल्या, आणि २०२० मध्यें त्या परत आणिल्या. दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या सोडल्या तर या ओसरीवर आज बसलेला पाहुणा उद्यां तेथेंच दिसेल अशी खात्री नाहीं.

एकत्र कुटुंबाचा विचार करितां मला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वी घरांत एक संच आणि एक वाहिनी होती, तेव्हां आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. ‘आमची माती आमची माणसं’ लागलें कीं ज्याला शेत नाहीं तोहि पेरणीची माहिती ऐके. आतां आजोबांस बातम्या हव्या असतात, सूनबाईंस मालिका, मुलांस क्रिकेट आणि नातवंडांस कार्टून. आणि प्रत्येकाची आवड निराळ्या कुलुपांत असते. कंपनी या सर्व किल्ल्यांचा एक जुडगा करून विकते, आणि त्या जुडग्यांत कोणीच न उघडणारीं दारेंहि असतात. यास उपाय साधा आहे. महिन्याच्या आरंभीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं सर्वांस जवळ बसवून यादी करावी. ज्या वाहिनीचें नांव कोणाच्याहि तोंडून येत नाहीं ती कमी करावी. मात्र यादी करतांना घरांतील विधवा आत्या, अंथरुणास खिळलेले काका, आणि दुपारचीं भांडीं झाल्यावर अर्धा तास टेकणारी कामवाली बाई यांसहि विचारावें. वर्गणी भरणारा हात आणि पाहणारे डोळे नेहमीं एकाच माणसाचे नसतात.

आणि घरांत जें खरें, तेंच जिल्ह्यांतहि खरें आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आपल्या जिल्ह्यास विसरतां येणार नाहीं. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होऊन गणपतीचें विसर्जन झालें होतें. पहांटे चारच्या सुमारास धरणी हालली, आणि किल्लारीपासून सास्तूरपर्यंतचीं गांवेंच्या गांवें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. आमच्या गल्लींतील लोक पुढें कित्येक रात्री घराबाहेर निजत, आणि मध्यें एक ट्रान्झिस्टर ठेविलेला असे. त्याच्याभोंवतीं वर्गणी भरलेले आणि न भरलेले असा भेद नव्हता. त्या वर्षीं कोणास तशी कल्पनाहि सुचली नसती. अशा रात्रीं मोफत मिळणारा आवाज ही करमणूक नव्हे. विहिरीच्या पाण्यासारखी ती गरज आहे. आणि अशी रात्र येण्यापूर्वीं तो आवाज चालू ठेविलेला असावा लागतो. संकट आल्यावर मनोरा उभारतां येत नाहीं.

म्हणून माझें मत असें आहे. आकाशांतून येणाऱ्या करमणुकीस कुलूप लावून कोणी वर्गणी घेतली तर त्यांत अधर्म नाहीं. नाटक कंपनीहि तिकीट लावीतच असे. पण लहरी सर्वांच्या असल्यामुळें, कुलूप लावूं इच्छिणाऱ्यानें आधीं उघडी ओसरी बांधून द्यावी. बातम्या, हवामान, शेतीची व आरोग्याची माहिती, मुलांचे पाठ आणि संकटाची सूचना या ओसरीवर कोणासहि किल्ली विचारली जाऊं नये. अमेरिकेनें हा करार कायद्यांत लिहिला. आपल्याकडे १९९५ च्या निकालांत त्याचें तत्त्व आहे. व्यवहारांत तें किती उतरतें हें पाहणें आपलें काम आहे.

याची निकड पुन्हां जवळ येत आहे. प्रसार भारती आणि कानपूरची आयआयटी यांनीं मनोऱ्यावरून थेट मोबाइलवर, इंटरनेटवांचून चित्र पाठविण्याचे प्रयोग केले आहेत, आणि बंगळूर व दिल्ली येथें त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. ती सेवा उद्यां देशभर आलीच, तर तिच्यांतील किती भाग उघडा आणि किती कुलुपांत, हा प्रश्न नियम ठरवितेवेळींच विचारावा लागेल. अशा नियमांचे मसुदे ट्राय लोकांच्या अभिप्रायासाठीं प्रसिद्ध करीत असते, आणि अभिप्राय पाठविण्यास पैसे पडत नाहींत. शिकलेल्या घरांनीं तेवढें एक पत्र लिहिण्याचा आळस करूं नये. तोंवर पुढील महिन्याचें रिचार्ज करण्यापूर्वीं आपल्या केबलवाल्याकडून वाहिन्यांची यादी दरांसह मागून घ्यावी, आणि त्यांतील विनामूल्य वाहिन्यांसाठीं आपण किती भाडें देतों हें एकदां कागदावर मांडून पहावें.